चार तासांत सामी संस्कृती कशी उरकावी

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या धक्क्यावरून सकाळी पर्यटकांची बस सुटते. शहराबाहेरच्या कुरणात रेनडिअरना चारा घालायचा, घसरगाडीतून एक फेरी मारायची, तंबूत जेवायचं, गाणं ऐकायचं आणि परत. सगळे मिळून चार तास. उत्तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचं कोला द्वीपकल्प एवढ्या मुलखात पसरलेला सामी समाज एवढ्यात उरकतो. आपल्याकडे साखरपुडासुद्धा एवढ्यात होत नाही. तरीही काही उत्साही मंडळी या चार तासांत चुकून काहीतरी शिकून येतात. तसं व्हायला नको असेल, तर पुढच्या सूचना काटेकोर पाळा.

कपड्यांपासून सुरुवात करू. आत सुती बनियन, खाली जीन्स, घट्ट बूट आणि त्यात मोज्यांचे तीन जोड कोंबलेले. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तोच घाम थोड्या वेळात गार पडतो. कोंबलेल्या बुटात हवा उरत नाही आणि रक्तही धड फिरत नाही, त्यामुळे तिसरा मोजा ऊब देण्याऐवजी बोटं बधिर करतो. अंगालगत लोकरीचा थर, एक नंबर मोठा बूट, आयोजकांनी दिलेला जाडजूड सूट, ही सगळी घाबरटांची सोय. शिवाय त्या सूटमध्ये फोटो ढगळ येतो. मोबाईल बाहेरच्या खिशात ठेवा, म्हणजे पहिल्या रेनडिअरपर्यंत बॅटरी मान टाकेल. २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारीच्या दरम्यान गेलात, तर सूर्य कधी उगवणार हे गाईडला दर अर्ध्या तासाने विचारा. या काळात ट्रॉम्सोत सूर्य क्षितिजावर येतच नाही, दुपारी फक्त निळसर उजेड पडतो.

आता चारा. बादली छातीशी घट्ट धरा आणि चेहरा खाली झुकवा. रेनडिअर बादलीत तोंड घालतो आणि झटक्यात मान वर करतो, तेव्हा शिंगांची टोकं नेमकी तुमच्या चष्म्याच्या उंचीला येतात. बादली मांडीपाशी, अंगापासून लांब धरली तर हा थरार हुकतो. रेनडिअरला डोक्यावर थोपटलेलं आवडत नाही. तेव्हा तिथेच थोपटा. एक शिंग धरून सेल्फी काढला, की तो तुम्हाला त्याच शिंगाने उत्तर देईल.

शिंगं दिसली की सांताक्लॉजची गाडी ओढणारा लाल नाकाचा नर आठवून "हा बघ रुडॉल्फ!" असं जोरात ओरडा. नरांची शिंगं माजाचा हंगाम संपला की हिवाळ्याच्या तोंडाशी गळतात. गाभण माद्या मात्र वसंतात वेत होईपर्यंत ती मिरवतात, कारण बर्फ उकरून काढलेल्या चाऱ्यावरून होणाऱ्या भांडणात ती लागतात. गाडी ओढणारे बहुधा खच्ची केलेले नर असतात. त्यांची शिंगं उशिरा आणि कधी एकेक करून गळतात. मार्चमध्ये एकशिंगी रेनडिअर वाट्याला आला, तर अर्धे पैसे परत मागायला कचरू नका.

खिशातलं ग्लुकोजचं बिस्कीट तर भरवाच. रेनडिअरचं हिवाळ्यातलं मुख्य खाणं म्हणजे बर्फाखालचं दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं ते लांबचं भावंड. रेनडिअरच्या पोटातले सूक्ष्मजीव याच खाण्याला सरावलेले असतात, खाणं एकदम बदललं की जनावराचं पोट बिघडतं. पण मग हे लोक तयार खाद्याच्या गोळ्या का देतात, असा प्रश्न मनात आला तर तो तिथेच दाबा. विचारलात तर उत्तर फार लांब जाईल. भर हिवाळ्यात पारा शून्याच्या वर चढतो, बर्फावर पाऊस पडतो, तो गोठतो आणि दगडफुलावर काचेसारखं झाकण बसतं. रेनडिअरला वास येतो, पण खूर पोचत नाही. मग गोळ्या विकत आणा, पोट बिघडू नये म्हणून खाद्य हळूहळू बदला, कळप कुंपणात ठेवा, आणि हा खर्च निघावा म्हणून तुमच्यासारख्यांना बसने आणा. एवढं ऐकलंत, की मजा गेली.

घसरगाडीत दोघं बसतात, खाली रेनडिअरचं कातडं असतं. गाड्या एकामागे एक बांधलेल्या, वेग चालण्याचा. मागच्या गाडीचा रेनडिअर तुमच्या गाडीला बांधलेला असल्यामुळे त्याचं तोंड थेट तुमच्या खांद्याशी येतं. कानाजवळ गरम श्वास, आणि पावलागणिक बारीक टिक-टिक. हा आवाज त्याच्या पायातला स्नायुबंध हाडावरून सरकताना होतो. मान वळवलीत तर त्याचे डोळेही दिसतील: डोळ्याच्या आतला आरशासारखा पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो, काळोखाच्या महिन्यांत गडद निळा होतो. हे सगळं हुकवायचा खात्रीचा उपाय म्हणजे व्हिडिओ कॉल. "आई, बघ, हलतंय का?" करेपर्यंत फेरी संपते. रेनडिअर मध्येच थांबला तर "चल, चल" म्हणून ओरडा. त्याला लघवीला थांबावं लागतं. फिनिश भाषेत रेनडिअर न थांबता जेवढा जातो, तेवढ्या अंतराला एक स्वतंत्र शब्दच आहे, पोरोनकुसेमा, साधारण साडेसात किलोमीटर. पण तुम्ही तासाचे पैसे भरलेत.

मग गप्पा. पहिला प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे रेनडिअर किती?" सामी माणसाला हे विचारणं म्हणजे बँकेतली शिल्लक विचारणं. अर्थात आपण डेक्कन क्वीनमध्ये शेजारच्याला पुणं यायच्या आत पगार विचारणारी माणसं, तेव्हा संकोच कसला! दुसरा प्रश्न, "तुमचा राजा कोण?" नॉर्वेतल्या सामींची निवडून आलेली संसद १९८९ पासून उत्तरेतल्या काराशोक गावी आहे, पण संसदेबरोबर सेल्फी येत नाही. गाईड स्नोमोबाईलवरून आला तर तोंड वाकडं करा. आपला धनगर कानाला मोबाईल लावून मेंढ्यांमागे चालतो ते चालतं, सामीने मात्र कळपाच्या गळ्यात जीपीएस बांधला की संस्कृती बुडाली. बहुतेक सामी रेनडिअर पाळतच नाहीत, कुणी मासेमारी करतं, कुणी शिकवतं, कुणी वकिली करतं, हे कळल्यावर फसवणूक झाल्यासारखा चेहरा करायला विसरू नका. आणि त्यांना "लॅप" म्हणा. तो शब्द त्यांना अपमानाचा वाटतो, पण माहितीपत्रकात "लॅपलँड" छापलंय ना!

गाईड मध्य नॉर्वेतल्या फोसेन भागाबद्दल बोलू लागला तर विषय बदला. तिथल्या रेनडिअरच्या हिवाळी कुरणावर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्या परवान्यांनी सामींच्या हक्कांचा भंग झाल्याचा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. चक्क्या फिरत राहिल्या, म्हणून २०२३ मध्ये तरुण सामींनी ओस्लोत मंत्रालयांची दारं अडवली. तुम्ही म्हणा, "पण ग्रीन एनर्जी चांगलीच की!"

गाक्ती, म्हणजे त्यांचा निळा-लाल पोशाख, अंगावर चढवायला मागा. कापडावरच्या पट्ट्या, कॉलर, कमरपट्ट्याची बटणं यांवरून माणूस कुठला, कुठल्या घरचा, कधीकधी लग्न झालंय की नाही, हेही जाणत्याला कळतं. एखाद्या परदेशी पाहुण्याने मुंडावळ्या बांधून दादर स्टेशनवर रील काढावं, तसे दिसाल. गाक्ती कुणी दिली नाही तर फिनलंडला रोव्हानिएमी गाठा. ते सामींच्या कायदेशीर मायभूमीत मोडत नाही आणि फिनलंडमध्ये रेनडिअर पाळायला सामी असावं लागत नाही, त्यामुळे तिथे हौस भागवणं सोपं. पर्यटकांपुढे नकली गाक्ती मिरवण्यावर सामींनी वर्षानुवर्षं आक्षेप घेतला, तिथल्या सामी संसदेने २०१८ मध्ये पर्यटनासाठी नीतिनियमही काढले. ते अर्थात वाचू नका.

जेवण लाव्वूत, म्हणजे सामींच्या तंबूत, मधोमध पेटलेल्या चुलीभोवती. बिडोस म्हणजे रेनडिअरचं मांस, बटाटा, गाजर, कांदा यांचा मंद शिजवलेला रस्सा. आपण शाकाहारी असल्याचं वाडगा हातात आल्यावरच जाहीर करा; बुकिंग करताना सांगितलं तर वेगळं जेवण मिळतं आणि तक्रारीला जागा उरत नाही. मांसाहारी असाल तर पहिल्या घासाला "मघाचाच का हो हा?" विचारून हसा. मांस खाल्लं जातं, कातडं पांघरलं जातं, पायाच्या कातड्याचे बूट होतात, स्नायूचा दोरा, शिंगाची सुरीची मूठ. हे ऐकताना दुसऱ्यांदा वाढून घ्या.

शेवटी योइक, म्हणजे सामींची पारंपरिक गायकी. योइक एखाद्या माणसावर किंवा डोंगरावर रचलेलं गाणं नसतं; गाणाऱ्याच्या लेखी ते तो माणूस किंवा तो डोंगरच असतो. चर्चने योइकला पाप ठरवलं, सतराव्या शतकात सामींचे ढोल जप्त झाले, जाळले गेले. आंदेर्स पौलसेन या वृद्ध सामीकडून १६९१ मध्ये हिसकावलेला ढोल काराशोकच्या संग्रहालयाच्या मालकीचा व्हायला २०२२ उजाडलं. तुम्ही मध्येच टाळ्यांचा ठेका धरा आणि संपल्यावर विचारा, "याचा अर्थ काय? काही फास्ट नाही का?"

निघताना एक कातडं विकत घ्या आणि ठाण्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर अंथरा. रेनडिअरचा केस आतून पोकळ असतो, म्हणून तो उणे तीस अंशांतही उबदार राहतो आणि म्हणूनच ठिसूळ, सतत तुटणारा. पावसाळ्यातल्या दमट हवेत कातड्याला वास सुटेल, पंख्याखाली केस घरभर उडतील, वरणात सापडतील. मग ते वॉशिंग मशीनमध्ये घाला. जाळी कशी साफ करायची ते मेकॅनिक सांगेल.