चोर पळालाय

आत्याबरोबर घरी सिनेमा बघणं ही साधी कैद. सोबत पुण्याचे भावोजी असले की सक्तमजुरी, थेट हिंडलग्याच्या तुरुंगातली.

मागच्या रविवारी बेळगावातल्या शहापूरच्या घरात मी मायकल मान यांचा १९९५ चा 'हीट' लावला. चोर रॉबर्ट डी नीरो, पोलीस अल पचिनो, आणि लांबी जवळजवळ तीन तास. शिकागोच्या एका पोलिसानं खरोखरच अशा एका चोराचा पाठलाग केला होता. तो चोर १९६४ साली गोळीबारात मेला. हे मी सांगायला घेतलं आणि भावोजी पाणी प्यायला आत गेले.

टोळी बँक लुटून रस्त्यावर आली. आत्या ओरडली, "अगंबाई, पळालाय बघ, पळालाय!"

भावोजी तांब्यासकट धावत आले. "पळाला? सुटला शेवटी?"

"सुटतोय कुठला? पळालाय की!"

आता यांना कोण समजावणार? पुण्यात 'पळालाय' म्हणजे गेला, हात चोळत बसा. आमच्या बेळगावात 'पळालाय' म्हणजे अजून पळतोच आहे, धरायला वाव आहे. भावोजींनी सिनेमा दोनदा मागे न्यायला लावला.

मग चोर आणि पोलीस दोघं समोरासमोर बसून कॉफी पितात तो प्रसंग आला. १९७४ च्या 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात दोघंही होते, पण एकत्र प्रसंग एकही नाही; जगानं या कॉफीची एकवीस वर्षं वाट पाहिलेली. आत्यानं चष्मा सावरला. "पोलीस चोराला कॉफी पाजालाय? पोरगी दाखवायचा कार्यक्रम हाय काय रे हा?"

या चोराचा एक नियम असतो : पोलिसांची चाहूल लागली की तीस सेकंदांत सगळं सोडून निघता आलं पाहिजे. आमच्याकडे तीस सेकंदांत चपलेची जोडीसुद्धा जमत नाही.

शेवटी तो सुटत आलेला असताना जुना हिशेब चुकवायला गाडी वळवतो आणि तिथंच फसतो. आत्यानं कपाळावर हात मारला. "निघालेलं माणूस माघारी फिरलं की काम नासतंय. एवढं कळत नाही होय त्याला?"

रात्री भावोजी निघाले. कुंद्याचा डबा, लोणच्याची बरणी, "येतो", "या हं", पुन्हा "येतो" : फाटकात पाऊण तास. गाडी सुरू झाल्यावर त्यांना चार्जर आठवला. ते उतरणार, तोच आत्या फाटक अडवून उभी राहिली.

"जावईबापू, माघारी फिरायचं नाही. बघितलं न्हवं मघाशी?"

चार्जर अजून आमच्याकडेच आहे.