गाइड आमच्याकडेही आहेत
हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात गाइडसोबत ट्राउट माशाची फ्लाय फिशिंग (बनावट माशी लावलेल्या गळाने मासेमारी) शिकल्याचा हा लेख फार आवडला. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबते, म्हणून खालच्या अंगाने, तिच्या मागून जायचं. हे जाणत्याशिवाय कोण सांगणार? आमच्या गोंदियाकडच्या मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातल्या) तलावांत ट्राउट जगायची नाही, तिला थंडगार वाहतं पाणी लागतं. पण इथले मासेमारी करणारे ढिवर लोकही पाणी असंच ओळखतात. मरळ हवा घ्यायला वर येते, ती जागा ते लांबूनच हेरतात. लालसर पिल्लांचा थवा वर दिसला की तिथे गळ टाकू नये, खाली मोठी मरळ राखणीला असते (हौशी लोक नेमकं तेव्हाच टाकतात, वाईट वाटतं). अशा माणसांकडून शिका आणि गाइड म्हणून त्यांना रीतसर पैसे द्या.