निराधारचे अर्ज राज्यमंत्री मंजूर करत नाहीत

सामाजिक न्याय खात्याच्या राज्यमंत्रिपदावरचा एक फॉरवर्ड आमच्या सोसायटीतल्या आजींपर्यंत पोचलाय, आणि त्या अर्ज घेऊन भलत्याच दारात निघाल्या आहेत. फॉरवर्ड म्हणतो: राज्यमंत्री कितीही नेमता येतात, आमदार नसलेला मंत्री होऊच शकत नाही, हे पद नुसतं शोभेचं, आणि 'निराधार'चा (संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनचा) अर्ज राज्यमंत्र्यांच्या संपर्क कार्यालयात दिला की लगेच मंजूर. शोभेचं पद आणि लगेच मंजुरी, एकाच मेसेजात!

पहिल्या दोन मुद्द्यांना संविधानाचं कलम १६४ पुरे. मुख्यमंत्री धरून मंत्री विधानसभेच्या १५ टक्क्यांहून जास्त नकोत. २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३, आणि राज्यमंत्री त्यातच मोजले जातात. आमदार नसलेल्याला सहा महिने मंत्री राहता येतं, तेवढ्यात विधानसभेचं किंवा विधान परिषदेचं सदस्य व्हावं लागतं. संपलं.

खरा घोळ अर्जाचा. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात द्यायचा. मंजुरी योजनेच्या समितीच्या बैठकीत होते, तहसीलदार तिचे सदस्य-सचिव. (राजकारण बघायचंच असेल तर या समितीवरच्या नेमणुका बघा.) मंत्र्याचं पत्र आणलंत तरी ते 'तपासून कार्यवाही करावी' असा शेरा घेऊन त्याच टेबलावर येणार. अर्ज अडतो तो वेगळ्याच कारणांनी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या वर दाखवलेलं असतं, दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार. राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा नसतो. विधवेच्या अर्जात पतीचा मृत्यूचा दाखला जोडलेला नसतो. वय ६५ पूर्ण असेल तर अर्ज श्रावणबाळ योजनेत करायचा, हेही कोणी सांगत नाही.

मंजूर होऊनही पैसे येत नसतील तर आधी बँक गाठा. केवायसीला आधार दिलं म्हणजे ते डीबीटीला (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याच्या सोयीला) जोडलं गेलं असं नाही. त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. आणि दोन बँकांत खाती असतील, तर रक्कम आधार शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. 'पेन्शन बंद झाली' म्हणणाऱ्यांतल्या काहींचे पैसे दुसऱ्या पासबुकात पडलेले असतात.

'शोभेचं पद' यात मात्र अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. राज्यमंत्र्याला अधिकार किती, हे कॅबिनेट मंत्री काय सोपवतो त्यावर ठरतं. जुलै २०२५ मध्ये राज्यमंत्री माधुरी मिसाळ यांनी खात्याच्या बैठका घेतल्या म्हणून खात्याचे कॅबिनेट मंत्री संजय शिरसाट यांनी त्यांना पत्र पाठवलं, तो वाद यातलाच. पण सभागृहात लक्षवेधीला (आमदाराने तातडीच्या विषयावर मांडलेल्या सूचनेला) उत्तर द्यायला राज्यमंत्रीही उभे राहतात, आणि ते उत्तर कामकाजात नोंदलं जातं.

आजींनो, अर्ज तहसीललाच द्या. पोच मागा, तिच्यावर क्रमांक आणि तारीख आहे ना, ते तिथेच उभं राहून तपासा.