‘माजी निवेदक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलं आहे, इलाज नाही)

माजी निवेदक महाशय,

रेडिओडीजे या रेडिओ केंद्रावर आपोआप गाणी लावणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी गाण्यांचा डेटाबेस कसा लावायचा, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गायकांच्या नावांची स्पेलिंग सारखी करत बसणं हा ‘निव्वळ कारकुनी सोस’ आहे, ‘ज्यांनी कधी माइकसमोर बसून कार्यक्रम केलेला नाही तेच असं लिहितात’, गाण्यांचे फोल्डर इम्पोर्ट केले की काम संपलं, द्वंद्वगीताला एकच गायक लावायला सांगून मी दुसऱ्यावर अन्याय करतो, बॅकअपवर जेमतेम एक ओळ आहे, आणि लेखातली चित्रं नीट दिसत नाहीत.

चित्रांचं एकदम मान्य. मोबाइलवर ती खरंच वाचता येत नव्हती, मोठी करून टाकली आहेत. आहे त्याला आहे म्हणण्यात मला कधीच कमीपणा वाटलेला नाही.

आता बाकीचं. मतभेद असायला काहीच हरकत नाही, पण तो सांगण्याची एक रीत असते. ‘हे पटलं नाही, कारण अमुक’ असं लिहिलं असतंत तर दोन ओळींत उत्तर देऊन मी मोकळा झालो असतो. तुम्ही थेट माझ्या अनुभवावर घसरलात, तेही टोपणनावाआडून. मी इथे स्वतःच्या नावाने लिहितो, चुकलो तर लोक रस्त्यात अडवून सांगतात.

माइकसमोर बसण्याचं म्हणाल तर आकाशवाणीच्या एका केंद्रावर मी कॅज्युअल म्हणजे हंगामी निवेदक म्हणून कैक वर्षं ड्युट्या केल्या. बहुतेक पहिल्या सभेच्या, म्हणजे सकाळच्या प्रसारणाच्या, कारण त्या घ्यायला कुणी राजी नसायचं. पहाटे स्टुडिओत शिरायचं, क्यू शीट म्हणजे कार्यक्रमातल्या गाण्यांची क्रमवार यादी हातात, शेजारी टेपच्या स्पूलचा ढीग. त्या क्यू शीटवर प्रत्येक गाण्यापुढे गायक, गीतकार, संगीतकार आणि टेपचा नंबर असे. हे सगळं यायचं टेप लायब्ररीतल्या बाईंच्या रजिस्टरमधून. एका गायिकेचं नाव त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच पद्धतीने लिहिलेलं. नव्याने आलेल्या कुणी वेगळं लिहिलं की बाई लाल पेनाने ते खोडायच्या आणि काही न बोलता रजिस्टर पुन्हा त्याच्यापुढे सरकवायच्या. आम्ही माइकवर गीतकाराचं नाव ऐटीत घ्यायचो ते त्यांच्या जिवावर. तुम्ही खरोखर माजी निवेदक असाल तर तुमच्याही केंद्रावर असं कुणीतरी असणारच. त्यांच्या तोंडावर तुम्ही ‘कारकुनी सोस’ म्हणाला असतात का? मला नाही वाटत.

आणि इथे तर बाईही नाहीत. सामुदायिक रेडिओ केंद्रावर दुपारी स्टुडिओला कुलूप असतं आणि सॉफ्टवेअर एकटं गाणी लावत असतं. ते गाणं ऐकून गायक ओळखत नाही, सॉंग्ज या टेबलमधलं आर्टिस्टचं फील्ड वाचतं. एक कलाकार अमुक मिनिटांत पुन्हा येऊ नये असा नियम तुम्ही घालता, तेव्हा ते फक्त त्या फील्डमधली अक्षरं जुळवून बघतं. फोल्डर ओढून टाकल्यावर तिथे काय येतं? फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे गाण्याच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत, ज्याने जे भरलं असेल ते.

एका केंद्राने मला बोलावलं होतं. नाव घेत नाही, माणसं भली आहेत. तिथे सगळं तुमच्याच पद्धतीने इम्पोर्ट केलेलं होतं. तक्रार अशी की दुपारच्या भावगीतांच्या तासात लताबाईंची तीन-तीन गाणी लागोपाठ लागतात. कलाकारासाठी साठ मिनिटांचा नियम घातलेला, तरीही. आर्टिस्टवर ग्रुप बाय लावून, नावामागे काऊंट घेऊन, म्हणजे कोणत्या नावाखाली किती गाणी आहेत अशी, यादी काढली. एके ठिकाणी रोमनमध्ये नाव मग आडनाव, एके ठिकाणी आडनाव आधी, मग स्वल्पविराम, कुठे नुसतंच लता, कुठे देवनागरीत पूर्ण नाव. नियम चोख चालला होता, त्याच्या लेखी त्या चार वेगळ्या गायिका होत्या. सुधीर फडक्यांचंही तेच. सुधीरमध्ये कुठे आय, कुठे डबल ई, आणि एका भाविकाने चक्क ‘बाबूजी’ एवढंच लिहून ठेवलेलं.

त्याच यादीत खाली गेल्यावर उलटा प्रकार सापडला. कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेली शेकडो गाणी, आणि त्या सगळ्यांच्या आर्टिस्टमध्ये फुकट गाणी वाटणाऱ्या एका संकेतस्थळाचा पत्ता. (ती गाणी केंद्रावर मुळात आलीच कशी, यावर मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.) म्हणजे अरुण दाते, सुमन कल्याणपूर, भीमसेन जोशी हे सगळे मिळून एकच कलाकार. त्यातलं एक गाणं लागलं की पुढचा तासभर बाकी सगळी बाद. रोटेशनला, म्हणजे आळीपाळीने गाणी निवडणाऱ्या यादीला, गाणीच मिळेनात, आणि केंद्रावरच्या मुलांची पक्की समजूत की सॉफ्टवेअर बिघडलंय, आता पैसे भरून दुसरं आणू. काहींची नावं श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. तो फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. अशी नोंद दुरुस्त करायची तर गाणं लावून ऐकावं लागतं, दुसरा उपाय नाही. तुम्ही ज्याला सोस म्हणता तो हा.

गीतकार-संगीतकार भरायला सांगतो तेही हौस म्हणून नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीतला समान वाटा मिळाला, आणि त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-डी खाली गाणी वाजवणाऱ्या प्रसारकाला नोंदी ठेवाव्या लागतात. काय वाजलं याचा हिशेब द्यायची वेळ आली की लॉगमध्ये फक्त ‘ट्रॅक ०७’ असून भागत नाही. निवेदकाला हे ठाऊक असायला हवं, माजी असला तरी.

द्वंद्वगीताचा अन्याय वगैरे सोडून द्या. दोन्ही नावं स्वल्पविराम देऊन आर्टिस्टमध्ये टाकलीत तर ती जोडी म्हणजे तिसराच कलाकार ठरतो, आणि लताबाईंच्या द्वंद्वगीताला चिकटून त्यांचंच एकल गीत लागतं. म्हणून आर्टिस्टमध्ये मुख्य आवाज, आणि शीर्षकाच्या शेवटी कंसात दुसरं नाव. लेखात हे उदाहरणासकट आहे.

बॅकअपवर एकच ओळ आहे, कारण सांगण्यासारखं तेवढंच आहे. डेटाबेसमध्ये गाणी नसतात, गाण्याचा डिस्कवरचा पूर्ण पत्ता असतो. तेव्हा डेटाबेसचा डम्प (सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये उतरवलेल्या) आणि गाण्यांचं फोल्डर, दोन्हींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायची आणि ड्राइव्हचं अक्षर बदलायचं नाही. आता झाल्या तीन ओळी, समाधान झालं असेल.

‘पुढचा भाग एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्या’ हे तुमचं शेवटचं वाक्य मी उत्तराच्या लायकीचं समजत नाही.

तुमच्या खालीच एका वाचक ताईंनी विचारलं आहे की नावं सरळ देवनागरीत भरली तर चालतील का. (प्रश्न असाही विचारता येतो, बघून ठेवा.) ताई, चालतील, पण मग सगळी देवनागरीतच, सरमिसळ नको. मायएसक्यूएल या डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ८.० आधीच्या आवृत्त्यांत कॅरॅक्टर सेट (कोणती अक्षरं साठवता येतील ते) आपण ठरवला नाही तर रोमन लिपीपुरता लॅटिन-१ धरला जायचा आणि त्यात देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. एकदा तशी साठली की मूळ नाव परत मिळत नाही, म्हणून इम्पोर्टच्या आधीच टेबल देवनागरी मावणाऱ्या यूटीएफ-८ चं आहे ना, ते बघा. दुसरं, ‘ॲड’ सारख्या शब्दातलं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक २००८ साली युनिकोड (संगणकावरच्या अक्षरांचं जागतिक प्रमाण) ५.१ मध्ये आलेलं अखंड ॲ, आणि दुसरं अ वर वेगळा चंद्र देऊन केलेलं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. जाहिरातींच्या नोंदी भरणारे दोघं-तिघं असतील तर सगळ्यांच्या मशीनवर एकच कीबोर्ड लेआउट ठेवा.