काचघरातली सदाफुली

लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानातील पाम हाउस नावाच्या काचघरात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या प्रत्येक परिचिताला मी एकच विनंती करतो, की झाडाचा फोटो काढलात तर त्याच्या बुंध्याशी लावलेल्या नावाच्या पाटीचाही अवश्य काढा.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा जानेवारी महिना होता. बाहेरच्या कडाक्याच्या थंडीतून त्या उबदार, दमट हवेत पाऊल टाकताच लेन्सवर वाफ धरली, आणि रुमालाने पुसली तरी क्षणात पुन्हा धरली. गार काचेवर दमट हवेतील बाष्प साचणारच, त्यामुळे पुसण्यात काही अर्थ नसतो. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास ठेवून त्याला आतल्या हवेइतका उबदार होऊ द्यावा लागतो. तो अर्धा तास मी रिकाम्या हाताने फिरलो आणि आज मला वाटते की त्या दिवशी खरे पाहणे तेवढ्या वेळातच झाले.

वास्तुविशारद डेसिमस बर्टन आणि डब्लिनचे लोखंडकाम करणारे रिचर्ड टर्नर यांनी 1844 ते 1848 या काळात ही वास्तू उभारली. जहाजबांधणीच्या तंत्राने लोखंडी कमानी जोडलेले हे सुमारे 110 मीटर लांबीचे काचघर पालथ्या घातलेल्या गलबतासारखे दिसते. ऊन असेल तेव्हा याच कमानींच्या आणि काचेच्या पट्ट्यांच्या सावल्या पानांवर आडव्यातिडव्या पडतात आणि फोटो बिघडतो, म्हणून मी तिथे ढगाळ दिवशीच जाणे पसंत करतो.

आत एका मोठ्या कुंडीत दक्षिण आफ्रिकेतून आणलेला एक सायकॅड, म्हणजे फुले न येणाऱ्या एका प्राचीन वनस्पतिगटातला वृक्ष, आहे. वनस्पती-संग्राहक फ्रान्सिस मॅसन यांनी 1775 मध्ये तो क्यूला आणला, म्हणजे हे काचघर बांधले जाण्याच्या कितीतरी आधी. त्याचे खोड आता इतके कलले आहे की त्याला टेकू देऊन ठेवले आहे. नुसता फोटो पाहणारा त्याला एखादे वाकडे माडाचे झाड समजेल, परंतु तो माडाच्या कुळातला मुळीच नाही. जवळजवळ अडीचशे वर्षांचे हे आयुष्य पाटी वगळून टिपले, तर हाती केवळ हिरवा झुपका उरतो.

पण मला थांबवले ते सदाफुलीने. पाच गुलाबी पाकळ्या, मधोमध गडद ठिपका. आमच्या घरामागच्या न्हाणीच्या पाण्यावर, कोणी न लावता उगवणारी, आई रोज सकाळी देवासाठी खुडायची ती. खालच्या पाटीवर शास्त्रीय नाव होते आणि मूळ स्थान म्हणून मादागास्करचे नाव. जिला मी जन्मभर आपल्या अंगणातली मानत आलो, ती समुद्रापलीकडून आलेली आहे हे मला त्या बोटभर पाटीने सांगितले. पुढे वाचनात आले की लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध याच झाडापासून मिळाले. (दारच्या झाडाविषयी एवढे अज्ञान असावे, याची मला मनापासून खंत वाटली.)

तिथे येणारे कित्येक जण झाडाकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतात आणि पुढे सरकतात. त्यांच्या आनंदावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो चांगल्या कोनासाठी वाफ्यात पाय ठेवण्यावर आणि आड येणारे पान हाताने ओढून धरण्यावर. आपल्याला पान हवे तसे दिसत नसेल तर आपण जागा बदलावी, पानाला हलवू नये. अरुंद वाटांवर तिपाई पसरून इतरांना अडवणेही मला पटत नाही. वाट पाहण्याची तयारी असेल तर हातात धरूनही पुरेसा स्पष्ट फोटो येतो.

पाटीचा फोटो मात्र झाडाच्या फोटोपाठोपाठ, तिथेच उभे राहून काढावा. नंतर एकत्र काढू म्हटले की घरी आल्यावर कोणती पाटी कोणत्या पानाची, हे काही केल्या जुळत नाही.