झोल मोमो आणि आपलं तिरफळ

मोमोवरच्या एका लेखात त्यासोबत मेयोनीज खातात असं वाचलं आणि राहवलं नाही. नेपाळात पाटणला आम्ही राहिलो त्या गल्लीच्या तोंडाशी चार बाकड्यांचं दुकान होतं. प्लेटमध्ये मोजून 10 मोमो, वर टोमॅटो, भाजलेले तीळ नि सोयाबीनचा झोल, म्हणजे पातळ रस्सा. पहिल्याच घासाला जिभेला मुंग्या आल्या. बायको म्हणाली, ‘अगोबाई, हे तर तिरफळ!’ खरंच, तिकडचं टिमुर म्हणजे आपण बांगड्याच्या तिखल्यात घालतो त्या तिरफळाचंच भावंड. (तिथे बफ मोमो जास्त चालतात, म्हणजे म्हशीच्या मटणाचे, आम्ही चिकनचे घेतले.) दोघं पोटभर जेवलो तरी बिल पुण्यातल्या दोन मिसळींच्या आत. मी वाटी तोंडाला लावून झोल प्यायलो, तर मालकीणबाईंनी न विचारता आणखी पळीभर ओतला.