हात मोडला, भांडण वहीवर

गावाकडच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: 'तुमच्या कॅनडात बरं हाय, हात मोडला तरी आठवड्याला पैसे. हितं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्याला कोण इचारतो?' दुसरा भाग बराचसा खरा आहे. पहिला मात्र अर्धाच.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात वाहन अपघातात जखमी झालेल्याला, चूक कुणाचीही असो, स्वतःच्या वाहन विम्यातून उत्पन्नाच्या ७० टक्के मिळतात. पहिला आठवडा कोरडा, आणि जादा कव्हर घेतलं नसेल तर कमाल मर्यादा आठवड्याला ४०० डॉलर. हा आकडा १९९६ पासून हललेला नाही. नोकरदाराचा हिशेब पगाराच्या स्लिपवर मिटतो. धंदेवाल्याचं शेवटच्या पूर्ण करवर्षाचं निव्वळ उत्पन्न घेतात आणि ५२ नं भागतात. एखाद्या रंगकाम करणाऱ्यानं वर्षाला ८०,००० डॉलरची कामं केली, पण गाडी, साहित्य, मोबाइल असा खर्च दाखवून कर खात्याला १८,२०० कळवले, तर आठवड्याचे ३५० होतात आणि हातात २४५ पडतात. रोखीनं घेतलेले आणि विवरणपत्रात न दाखवलेले पैसे मोजायचेच नाहीत, असा नियम आहे.

अपघातानंतर जखमीच्या वतीनं मेव्हण्यानं धंदा चालू ठेवला तर त्या कमाईच्या ७० टक्के रक्कम लाभातून वजा होते. बदली माणसाचा वाजवी पगार खर्चात धरता येतो, पण 'वाजवी' किती यावरच पत्रापत्री चालते. १०४ आठवड्यांनंतर कसोटीही बदलते. तोवर 'तुमचं काम जमतं का' एवढाच प्रश्न असतो. पुढं 'शिक्षण-अनुभवाला साजेसं कुठलंही काम जमतं का' असं विचारतात.

आपल्याकडं गाडं उलटं आहे. समजा, हायवेवर दुसऱ्याच्या चुकीनं ३८ वर्षांच्या टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्याच्या, उजव्या मनगटात प्लेट बसली. मोटार अपघात न्यायाधिकरण कागद नसले तरी हात झटकत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाय गमावलेल्या भाजीविक्रेत्याचं उत्पन्न पुराव्याविना महिना ६,५०० रुपये धरलं. ऑन्टारियोच्या वरच्या लाभात हे होत नाही. आता टर्नरचे महिना १५,००० मान्य झाले, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले, वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेला गुणक १५ लावला आणि कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरलं, तर ११,३४,००० रुपये होतात. पण वह्या न ठेवता 'टर्नओव्हरच्या ८ टक्के' नफा धरायची मुभा वापरून १५ लाखांवर १,२०,००० उत्पन्नाचं रिटर्न भरलेलं असेल, तर महिन्याचे १०,००० धरून हिशेब ७,५६,००० वर येतो. अर्धवट कागद कधीकधी कोऱ्या पाटीपेक्षा महाग पडतो.

वकील घाई करतात ती टक्केवारीच्या दाखल्यापाशी. वैद्यकीय बोर्डानं हाताचं २० टक्के अपंगत्व लिहिलं, म्हणजे कमाईही २० टक्केच घटली असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे २०१० मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून डॉक्टरांकडून लिहून घ्यावं: लेथवर जॉब पकडणाऱ्या चकची चावी आवळता येत नाही, जड जॉब (घडवायचा तुकडा) उचलून सेंटरला लावता येत नाही. आणि डॉक्टरांना साक्षीला आणावं. अर्ज सहा महिन्यांच्या आत टाकावा.

पण स्वतःचीच दुचाकी घसरली तर? वाहन विम्यातलं पंधरा लाखांचं मालक-चालक कव्हर मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं. वीस रुपयांच्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेतही तीन महिने प्लॅस्टरमध्ये बसलेल्याला काही नाही. त्यासाठी खाजगी अपघात पॉलिसीत 'तात्पुरतं पूर्ण अपंगत्व' हे कलम घ्यावं लागतं. साधारणपणे विमा रकमेच्या एक टक्का आठवड्याला, तेही १०० आठवड्यांपर्यंत आणि उत्पन्नाच्या मर्यादेत. गोची होते 'पूर्ण' या शब्दावर. गळ्यात हात बांधून स्टुलावर बसला, पोराकडून जॉब काढून घेतला, मालाबरोबर स्वतःच्या सहीचं चलन (माल पाठवल्याचा कागद) गेलं, की कंपनी म्हणणार, 'काम तर चालू होतं.' त्या काळातली चलनं धंदा चालवणाऱ्याच्या सहीनंच जावीत आणि त्याला दिलेली मजुरी बँकेतून जावी. दावा नाकारला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करायची. महिन्याभरात दाद लागली नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडं, म्हणजे विमा तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जायचं. तिथं फी नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात आल्यानं अपिलासाठी मुंबई सुटली, हे मोठंच काम झालं. पण त्यामुळं तिसऱ्या महिन्याचं गाळ्याचं भाडं निघत नाही. इथलं, म्हणजे ऑन्टारियोतलं, काही उचलायचंच असेल तर ४०० डॉलर नकोत, दोन-तीन नियम उचलावेत. अर्ज आल्यावर कामाच्या दहा दिवसांत कंपनीनं पैसे द्यायचे, कारणासह नकार द्यायचा किंवा माहिती मागायची. गप्प बसली तर उत्तर देईपर्यंतचे पैसे तिच्याच अंगावर. थकलेल्या रकमेवर महिना एक टक्का चक्रवाढ व्याज. आणि धंद्याचा हिशेब मांडणाऱ्या अकाउंटंटची २,५०० डॉलरपर्यंतची फी कंपनीनं भरायची.

एवढं असूनही १ जुलै २०२६ पासून हा लाभ ऑन्टारियोत ऐच्छिक होतोय. हप्ता वाचवायला तो आधी कोण काढून टाकेल? माझ्या मते, नफातोटा रोज स्वतः मोजणारा धंदेवालाच.